गोधडी गरम नसते

जगात थंडी नावाची वस्तूच नाही, असं डिसेंबरात कुडकुडत सांगणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे आमच्या शाळेचे विज्ञानाचे मास्तर. ऐंशीच्या दशकात मुलचेऱ्याजवळच्या एका जंगलातल्या गावी आम्ही बरोबर होतो. मी मराठी शिकवायचो आणि ते उष्णता. पुस्तकात प्रकाश, ध्वनी, चुंबकही होते, पण मास्तर त्यांना उरकून परत उष्णतेपाशी यायचे. ‘दार लावा, थंडी येते’ असं कुणी म्हटलं की ते थांबवून दुरुस्ती करत, की थंडी येत नाही, आतली गरमी बाहेर जाते. एकदा त्यांनी हे हेडमास्तरांना भर मीटिंगमध्ये समजावलं, आणि समजावणं संपेस्तोवर दार उघडंच राहिलं. पोरांना ते एक हात बाकाच्या लाकडावर आणि दुसरा त्याच्या लोखंडी पायावर ठेवायला लावत. दोन्ही सारखेच गार आहेत, लोखंड फक्त तुमच्या हाताची गरमी लवकर ओढतं, हे पोरांना पटेपर्यंत पुढच्या तासाचे मास्तर दारात ताटकळत.

त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग मे महिन्यातला. आठवडी बाजारात बर्फवाला बर्फ तरटात गुंडाळतो म्हणून तो टिकतो, मग माणूस का टिकू नये, असं म्हणत ते भर दुपारी घोंगडी पांघरून बाजाराला निघाले. चिंचेखाली पोचता पोचता चक्कर येऊन पडले. आम्ही पाणी मारलं, तेव्हा डोळे उघडून शांतपणे म्हणाले, “माहीच चूक. बर्फ स्वतः गरमी तयार करत नाई, मी करतो.” गाव वर्षभर हसलं. मीही हसलो.

त्याच वर्षी हिवाळ्यात, आठवा महिना लागतो न लागतो तोच माझी बायको बाळंत झाली. मुलगी झाली, वीतभर. सकाळी दाई म्हणाली की पोर गार पडत चाललीय, चंद्रपूरला न्या. लाकडाच्या ठेकेदाराची जीप मिळाली. बायको तापानं फणफणली होती, मागं तिला झोपवलं. पोरीला मी दोन गोधड्यांत गुंडाळून घेतलं, तरी पाय गारच. मास्तर न बोलावता येऊन जीपजवळ उभे होते. त्यांनी गोधडीत हात घालून पाहिलं.

“सर, शर्ट काढा.”

मी पोरीला आणखीच घट्ट धरलं.

“गोधडी गरमी देत नाई, असलेली राखते. या लेकराजवळ राखाले आहेच काय? तुमची द्या.”

मी शर्ट काढला. त्यांनी पोरीला उघडंच माझ्या छातीशी लावलं, वरून गोधड्या, त्यांवर स्वतःचं स्वेटर, आणि शेजारी बसले. रस्ता तीन तासांचा होता. मधूनमधून ते पोरीचा पाय चाचपत. नदी ओलांडल्यावर एकदा त्यांनी हात आत ठेवला तो काढलाच नाही, तेव्हा मला कळलं, पाय कोमट झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोर वाचेल म्हणून सांगितलं. व्हरांड्यात मी मास्तरांचे हात धरले. त्यांची बायको राजुऱ्याला असते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. समोरच्या भिंतीकडं बघत ते म्हणाले, “आमचीही पोरगी अशीच झाली होती. आम्ही गोधड्यावर गोधड्या घालत राह्यलो. तवा मले हे माहीत नव्हतं.”

पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली राजुऱ्याला झाली. निरोपाला आम्ही मुलीला घेऊन एसटीपाशी गेलो. ते तिला घेत नव्हते, खिडकीतून नुसते बघत होते. शेवटी मी खिडकीतूनच ती त्यांच्या हातात दिली. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, आत एकदा पाहिलं, आणि दोरी सोडून तो विडी ओढायला खाली उतरला.