लॅबने पास केलेला लॅपटॉप

आमच्या लॅबच्या खिडकीत नमुन्यांच्या बाटल्या साठत जायच्या. कुठल्या बॅचच्या, कुणी ठेवल्या, कुणालाच आठवायचं नाही. पण फेकायचं धाडसही कुणी करायचं नाही. उद्या कुणी मागितली तर? त्या लॅबमधले किस्से माझ्याकडे असेच साठलेत. लेबलं पुसट झालीत, झाकण उघडलं की वास मात्र अजून तोच.

लॅब म्हणजे महाड एमआयडीसीतल्या एका छोट्या केमिकल कंपनीची. दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन तिथे ट्रेनी लागले होते. आम्ही चौघं होतो. इन्चार्ज साळवी सर, बावीस वर्षांत एकही खोटा रिझल्ट न दिलेले (हे ते स्वतःच सांगायचे, दिवसातून एकदा). माझ्याबरोबरची यास्मिन, महाडचीच, भाऊ कुवेतला. काचसामान धुणारे धोंडूमामा, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावरची वाडी, तिथून रोज उतरून यायचे. आणि मी. मी दचकते. फोन वाजला तरी, कुणी मागून हाक मारली तरी. माझ्या दचकण्यामुळे लॅबने वर्षभरात सहा पिपेट गमावले, असं साळवी सरांचं म्हणणं होतं. माझ्या मते पाच.

तर अशा मला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. औषधांच्या चाचण्यांची माहिती कॉम्प्युटरवर भरायचं काम. अमुक तारखेला, सोमवारी हजर व्हा, येताना स्वतःचा लॅपटॉप आणा, न आणल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. पत्र मी अकरा वेळा वाचलं. प्रत्येक वेळी तो पुढचा उमेदवार मला जास्त स्पष्ट दिसायला लागला. त्याच्या हातात लॅपटॉप होता.

माझ्याकडे तीन आठवडे होते.

*

पत्र साळवी सरांनी चष्मा वर करून वाचलं.

"लॅपटॉप आणा म्हणजे कुठला? स्पेसिफिकेशन कुठंय?"

"दिलेलं नाही सर."

"स्पेसिफिकेशनशिवाय मटेरियल घेतलं की बॅच गेली. बस, मी करून देतो."

सरांनी कच्च्या मालाचा छापील फॉर्म काढला. मालाचं नाव: लॅपटॉप. स्वरूप: घन. रंग: काळा किंवा करडा. वास: नसावा. मग रॅम आणि हार्ड डिस्क, ते यास्मिनने सांगितलं. पुढच्या रकान्यावर सर थांबले. फॉर्ममधला रकाना मोकळा सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

द्रावणीयता: पाण्यात न विरघळणारा.

खाली सही, तारीख, लॅबचा शिक्का. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

*

पहिला लॅपटॉप यास्मिनने आणला. तिचा भाऊ रजेवर आला होता आणि त्याचा जुना विकायचं घरात चाललं होतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो लॅबच्या टेबलावर उघडला. प्रत्येक बटणावर इंग्रजीच्या शेजारी अरबी अक्षर.

"मला अरबी येत नाही गं," मी म्हटलं.

"मग नको बघूस. शेजारचं बघ."

मी माझं नाव टाइप केलं. अक्षरं उजव्या कडेला जाऊन चिकटली. मी माझा हात बघितला, कुठे चुकीचं बटण दाबलं की काय. तेवढ्यात त्या मशीनमधून, पूर्ण आवाजात, अजान सुरू झाली. मी खुर्चीसकट मागे गेले. हातात बाजूला ठेवायला घेतलेला बीकर होता. होता.

यास्मिन शांतपणे डबा संपवत होती. "वेळेची आठवण करून देतं ते. पण अजून कुवेतच्या घड्याळावर आहे. इथली केव्हाच झाली. अम्मी म्हणते, याच्या भरवशावर राहिलं तर एकही नमाज वेळेवर व्हायची नाही."

साळवी सरांनी बटणांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "लेबल वाचता येत नसेल तर मी माल उतरवून घेत नाही. भावाला सांग, माल चांगलाच असेल. राग मानू नको म्हणावं."

"त्याला कसला राग, सर? त्याने तर अजून विकायचं नक्कीही केलेलं नाही. अम्मी विकायला लावतेय."

*

दुसरी फेरी आप्पांबरोबर. आप्पा म्हणजे माझे वडील. पोलादपूर बाजारात आमची पिठाची गिरणी. आप्पांना मशीन कळतं, हे सगळ्या पोलादपूरला माहीत आहे. आप्पांना तर फारच माहीत आहे.

महाडमध्ये तेव्हा लॅपटॉप ठेवणारं एकच दुकान होतं. दुकानदार भला माणूस. त्याने काचेतून एक काढला, उघडला, सुरू केला. आप्पांनी आधी तो उलटा केला.

"मोटर कॉपर वाइंडिंगची आहे ना?"

"काका, यात मोटर नसते. छोटा पंखा असतो."

"पंखा मोटरशिवाय फिरतो?"

आप्पांनी मशीनला कान लावला. बराच वेळ तसेच उभे. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही उभी राहिली, डॉक्टर तपासताना नातेवाईक राहतात तशी.

"आवाजच नाय," आप्पा म्हणाले. "आवाज नाय तर आत चाललंय का थांबलंय, बाहेरच्याला कळणार कसं?"

"स्क्रीनवर दिसतं ना, काका."

"दिसायला तर माझा मेव्हणाही चांगला आहे. आत काय चाललंय ते बोला."

मी विषय बदलायला म्हणून सरांचा कागद पुढे केला. ती माझी चूक. दुकानदाराने तो वरपासून खालपर्यंत वाचला. खालून दुसऱ्या ओळीला थांबला. मग अतिशय गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, विरघळणार नाही हे मी तोंडी सांगतो. पण पाणी गेलं तर वॉरंटीत बसत नाही."

आप्पा त्या उत्तरावर मात्र खूश झाले. "माणूस खरा आहे," ते बाहेर आल्यावर म्हणाले. "मशीनचं नंतर बघू."

नंतर म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. दोन आठवडे गेले होते.

*

लॅबमध्ये मी रडकुंडीला आले होते. पुढचा उमेदवार आता मला पुण्यात भाड्याची खोलीही शोधताना दिसत होता.

धोंडूमामा फ्लास्क धुता धुता ऐकत होते. "याला मांडीवर घ्यायचा म्हणतात ना गो? टेबल नाय काय तुझ्या पुण्याला?"

"टेबलावरही ठेवतात मामा."

"लाइट गेल्यावर चालतो?"

"दोन तास."

मामांनी फ्लास्क खाली ठेवला. "दोन तास? मग तुझं जाऊ दे, हा आमच्या वाडीवर पाठव."

मग ते म्हणाले, "बकरी घेताना आम्ही दात बघतो. याचं काय बघायचं?"

"वॉरंटी," सर म्हणाले.

"ते इकणाऱ्याचं बोलणं झालं सर. दात नाय झाले." मामांनी हात पुसले. "आमच्यात बकरी आणली तर दोन दिस आपल्या दारात बांधतात. खाते का, दूध देते का, रात्री वरडते का. पसंत पडली तर ठेवायची, नाय तर सोडून यायची. त्या दुकानदाराला इचारा, दोन दिस बांधायला देतो का."

मी हसले. साळवी सर हसले नाहीत. बावीस वर्षांत कुणी त्यांच्यासमोर इतकी शास्त्रशुद्ध गोष्ट बोललं नव्हतं.

आणि दुकानदार, खरंच भला माणूस, तयार झाला. दोन दिवस नाही, शनिवारचा एक दिवस. संध्याकाळी सातपर्यंत दुकानात आणा, पसंत असेल तर बिल, नाहीतर परत. रविवारी त्याचं दुकान बंद. रविवारीच सकाळी माझी पुण्याची एसटी. आप्पा म्हणाले, "सरांनी पास केला तर माझं काही म्हणणं नाय. मी सातला दुकानात थांबतो."

*

शनिवारी सकाळी लॅपटॉप कंपनीच्या बसमधून आला. धूळ लागू नये म्हणून सरांनी तो नमुन्यांच्या खोक्यात ठेवला होता आणि खोकं धोंडूमामांच्या मांडीवर होतं. ("मांडीवरच घ्यायचा ना?" मामा.) गेटवर नमुन्यांचं खोकं कुणी उघडत नाही.

सरांनी आधी त्यावर पिवळं स्टिकर लावलं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मालाला लागतं: पिवळं म्हणजे तपासणी चालू, हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. मी म्हटलं, "सर, दुकानदाराचा आहे." सर म्हणाले, "पंधरा मिनिटं बिनलेबलचा राहिला तर लॅब माझी राहत नाही."

तपासणी दिवसभर चालली. वजन तीनदा घेऊन सरासरी काढली. दर अर्ध्या तासाने बुडाला थर्मामीटर लावून तापमान वहीत. नमुना कुठून घ्यायचा यावर सरांनी थोडा विचार केला. ड्रममधून आम्ही वरून, मधून आणि तळातून घेतो. त्यामुळे बटणंही वरच्या ओळीतली, मधल्या ओळीतली आणि तळातली दाबून बघितली.

दुपारी अचानक पडदा काळा झाला. मी किंचाळले. सातवा पिपेट. (साळवी सरांच्या हिशेबाने.)

धोंडूमामा वाकून बघत म्हणाले, "झोपली असंल. बकरी पण दुपारची झोपते." त्यांनी बोटाने हळूच ढोसलं. पडदा उजळला. मामांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो मला माझ्या पदवीच्या दिवशी आमच्या घरात कुणाच्या चेहऱ्यावर दिसला नव्हता.

पाच वाजता सरांनी पिवळ्यावर हिरवं स्टिकर चिकटवलं. झाकणाच्या बरोबर मधोमध. पास. बॅच नंबर एक. सही.

मला भरून आलं. सव्वापाचची बस होती. सातला दुकान. सगळं वेळेत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कसलीच काळजी वाटत नव्हती, आणि त्याचीच जरा भीती वाटत होती.

*

गेटवर संध्याकाळच्या पाळीला जाधव वॉचमन होते. महिन्यापूर्वी कुणीतरी जेवणाच्या डब्यातून पितळी व्हॉल्व्ह बाहेर नेले होते. त्याबद्दल जाधवांना जे ऐकावं लागलं, त्यानंतर ते डबे, पिशव्या, छत्र्या, सगळं उघडून बघायचे.

त्यांनी माझी पिशवी उघडली. हिरवं स्टिकर बघितलं.

"हा माल गोडाऊनला जातो. बाहेर कुठं?"

"माझा आहे," मी म्हटलं. आवाज असा निघाला की मलाच संशय आला.

"आत आल्याची नोंद दाखवा."

नोंद नव्हती. नमुन्यांचं खोकं कुणी उघडत नाही.

साळवी सर पुढे झाले. "जाधव, हा कंपनीचा माल नाही. मी सांगतो ना."

"सर, सही तुमचीच हाय. बॅच नंबर पण हाय. पास झालेला माल बाहेर जायचा तर स्टोअरचा गेटपास. स्टोअर सोमवारी उघडंल."

मॅनेजर दुपारीच मुंबईला निघालेले, त्यांचा फोन लागेना. यास्मिनने स्टिकर सोलायचा प्रयत्न केला. ते ॲसिडच्या ड्रमवर टिकणारं स्टिकर होतं, तिचं नखच तुटलं. आमची बस गेली. आता रिक्षा, म्हणजे दुकानापर्यंत अर्धा तास. मला आप्पा दुकानात घड्याळाकडे बघताना दिसू लागले, आणि त्यांच्या मागे, पुण्याच्या एसटीत, माझ्या सीटवर, तो पुढचा उमेदवार.

"कुठला माल स्टोअरच्या पासाशिवाय जातो?" यास्मिनने विचारलं.

जाधव म्हणाले, "नापास. तो माल धाडणाऱ्याला परत जातो. त्याला इन्चार्जची सही चालते."

सगळ्यांनी साळवी सरांकडे बघितलं.

"अशक्य," सर म्हणाले. "माल उत्तम आहे. खोटा रिझल्ट मी देणार नाही."

"सर, आवाज येत नाय म्हणून लिहा," धोंडूमामा म्हणाले. "तिचे आप्पा म्हणतच होते."

"आवाज न येणं हा दोष नाही, धोंडू."

सर गेटच्या बाकावर बसले. सहा वाजले. सव्वासहा झाले. मी गेटवरचं घड्याळ बघत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि रडायला एकदा लागले की मी लवकर थांबत नाही. सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग खिशातून लाल स्टिकर काढलं, हिरव्यावर चिकटवलं आणि जाधवांच्या गेटपासवर कारणाच्या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलं:

"गुणवत्ता उत्तम. या कारखान्यात उपयोग नाही."

मग पुन्हा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. सही केली.

जाधवांनी कागद दिव्याखाली धरला. "सर, एक टिक राहिली. माल परत येणार, का परत न येणार?"

यास्मिन स्वतःच्या चपला बघत होती. धोंडूमामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. सरांचं पेन कागदावर तसंच थांबलेलं.

"काय लिहू?" सरांनी मला विचारलं.

मी दचकले. "दिवाळीला येईन, सर."

सरांनी टिक केली नाही. दोन्ही चौकटींच्या मधे लिहिलं, "दिवाळीला."

जाधवांनी वाचलं. "दिवाळीला कंपनी बंद असते सर. माल घेणार कोण?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"तुम्ही गेट उघडा, जाधव."