सोडून दिलेला मासा

मी मासे पकडते हे माझ्या सासरी कळलं ते एका फोटोमुळे. जर्मनीत र्युसेल्सहाइमला माइन नदीच्या काठावर, दोन्ही हातांत भलामोठा त्सांडर मासा धरून मी दात काढून उभी आहे, असा तो फोटो. माझ्या वडिलांना पाठवायचा तो मी घाईत सासरच्या ग्रुपवर टाकला. सासर पुण्याचं, तिथे सात पिढ्यांत कुणी माशाला हात लावलेला नाही. ग्रुप पाच मिनिटं चिडीचूप. मग सासूबाईंचा फोन. "अगं, हे काय?" आवाजात राग नव्हता, धसका होता. मी तोंड उघडायच्या आत नवऱ्याने फोन हातातून घेतला आणि म्हणाला, "आई, ती नुसती पकडते. लगेच सोडून देते."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, हे कबूल करते. फोटोतला तो मासा त्या संध्याकाळी मी बाल्कनीत इलेक्ट्रिक शेगडीवर रवा लावून तळला आणि एकटीने खाल्ला. नवरा मासे खात नाही, पण मी खाल्लेले त्याला चालतात. घरात शिजवू नये, एवढीच लग्नातली अट. बाल्कनी घरात मोडत नाही, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं.

गंमत अशी की "सोडून देते" हे जर्मनीत पुण्याईचं काम नाही, गुन्हा आहे. इथे गळ टाकायला परवाना लागतो, परवान्याला परीक्षा लागते, आणि परीक्षेआधी शनिवार-रविवार वर्गात बसून माशांच्या कल्ल्यांपासून कायद्यापर्यंत सगळं घोकावं लागतं. मी गाडीच्या गिअरबॉक्सवर काम करणारी इंजिनिअर, पण त्या वर्गात पहिल्या बाकावर बसून पोरीसारखी पाठ करत होते. शिकवणारे गृहस्थ रिटायर्ड पोलीस होते. ते म्हणाले होते, जनावराला दुखवायला कारण लागतं. खाणं हे कारण आहे, मजा हे कारण नाही. म्हणून मापाचा मासा लागला तर डोक्यावर घाव घालून बेशुद्ध करायचा, लगेच हृदयात सुरी घालायची, आणि घरी न्यायचा. मापापेक्षा लहान असेल तरच पाण्यात परत. मला ते पटलं. आमच्या खाडीवर माझे वडील गळ टाकून गरवायला बसायचे, तेही मासा तडफडत ठेवत नसत.

त्सांडर म्हणजे दिसायला आपल्या खाडीतल्या जिताड्याचा लांबचा भाऊ. पाठीवर काट्यांचा पंखा, अंगावर धूसर पट्टे, आणि काचेच्या गोटीसारखे डोळे. स्वभाव मात्र विक्षिप्त. एखाद्या आठवड्यात सलग तीन सकाळी लागेल, मग दोन महिने तुम्ही आहात की नाही याचीही दखल घेणार नाही. मी काठापासून पाण्यात शिरलेल्या दगडी बांधावर उभी राहते, रबरी मासा लांब फेकते, तो तळावर टेकवत टेकवत ओढत आणते. शंभरदा फेकलं की नव्वददा काही नाही, नऊदा दगडात अडकतं. मालवाहू बोट गेली की तिच्या लाटांनी पाणी गढूळ होतं, आणि मग अर्धा तास नुसतं उभं राहायचं. मला हे सगळं आवडतं. ऑफिसात दिवसभर प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. इथे नसतं.

गेल्या फेब्रुवारीत सासूबाई गेल्या. ऑगस्टमध्ये आम्ही बाबांना, माझ्या सासऱ्यांना, तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं.

त्यांच्यापासून आम्ही एक गोष्ट लपवली होती आणि तिची मला फार धास्ती होती. सासूबाई हॉस्पिटलमध्ये असताना डॉक्टरांनी नवऱ्याला फोन करून स्पष्ट सांगितलं होतं की हृदय थकलंय, आता थोडेच दिवस. आम्ही दोघांनी फोनच्या स्पीकरवर ऐकलं, आणि डॉक्टरांना आम्हीच विनवलं की बाबांना यातलं काही सांगू नका, त्यांना बीपी आहे, ते एकटे आहेत. बाबांना मीच फोनवर म्हणाले, "बाबा, सुधारणा आहे म्हणतात. आठवड्याभरात घरी सोडतील." नवरा निघाला तो ऑफिसचं काम आहे असं सांगून. तो विमानात असताना त्या गेल्या. बाबांना वाटत राहिलं की अचानक झालं. ते कुणालाही सांगताना हेच सांगायचे, "एकदम गेली हो, काही कल्पनाच नाही." अशा वेळी मी जवळ असले, तर बशा आवरायच्या निमित्ताने मीच उठून जायचे.

इथे आल्यावर पहिले दोन आठवडे ते खिडकीत बसून राहिले. नातीशी बोलायला जायचे, ती सगळं समजून घ्यायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. एका शनिवारी पहाटे मी गळाच्या काठ्या आवरत होते, तर ते कानटोपी घालून दारात उभे.

"मी येऊ का गं? नदी बघतो."

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म धरणं, कालवे आणि पाण्याच्या पातळ्या. मी म्हटलं, "चला ना बाबा. पण तिथे मासे..."

"तू सोडून देतेस ना? मग झालं. खेळ आहे तो."

मी हो म्हणाले. तेवढं एकदा खरं सांगितलं असतं, तर फार काय झालं असतं? तोंड वाकडं केलं असतं, दोन दिवस अबोला धरला असता. पण मला एकटीला जायचं नव्हतं आणि त्यांना खिडकीत बसवायचं नव्हतं. शिवाय खोटं बोलायची सवय झाली होती.

मग प्रत्येक शनिवारी आम्ही जाऊ लागलो. ते घडीच्या खुर्चीवर बसायचे, मांडीवर थर्मास. पाणी चढलंय की उतरलंय हे दगडांवरच्या ओल्या रेघेवरून सांगायचे. वरच्या बाजूला बोटींसाठी पाणी अडवून सोडतात ते दार किती वेळ उघडं असतं, हे त्यांनी चार शनिवारांत ओळखलं. "आता पाच मिनिटांत प्रवाह वाढेल, बघ," म्हणायचे, आणि वाढायचा. मला काही लागत नव्हतंच. "तुझा मासा काय सरकारी नोकरीत आहे का गं? शनिवारी भेटतच नाही," असं म्हणून ते सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदा हसले. सप्टेंबरमध्ये दोन लागले, दोन्ही वीतभर. मी हात ओले करून गळ सोडवला आणि नियमाप्रमाणे पाण्यात ठेवले. बाबा टाळ्या वाजवायचे बाकी होते. "शाबास," म्हणाले, "जा रे बाबा, आईकडे जा."

दोन मासे नियमाने लहान निघाले म्हणून माझं खोटं टिकलं. लहानच लागो, अशी प्रार्थना करत गळ टाकणारी माइनच्या काठावर तेव्हा मी एकटीच असेन.

प्रवाहाच्या खालच्या बाजूला, पुढच्या बांधावर एक म्हातारे जर्मन आजोबा असायचे. त्यांना बाबांबद्दल भारी कुतूहल. येऊन हस्तांदोलन करायचे, आणि मग मला जर्मनमध्ये त्सांडर बटरमध्ये कसा परतायचा, कातडी आधी खाली ठेवायची की वर, हे हातवारे करून सांगायचे. बाबा विचारायचे, "काय म्हणतात?"

"पाणी गार झालंय म्हणतात, बाबा."

"एवढे हातवारे?"

"हो, म्हणजे... फार गार झालंय."

आजोबांना मी भाषांतर केल्यासारखं वाटायचं, बाबांना आजोबा विनोदी वाटायचे. 

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. पुढच्या बुधवारी बाबांचं विमान होतं. मुक्काम वाढवून इथेच राहावं का, अर्ज करावा का, असं घरात चाललं होतं आणि ते म्हणाले होते, "विचार करतो. तुमच्यावर भरवसा आहे म्हणून इतके दिवस राहिलो." त्या वाक्याने मला दोन रात्री नीट झोप लागली नव्हती.

थंडी होती, पाण्यावर वाफ होती. आठ-साडेआठला काठीला असा झटका बसला की माझ्या खांद्यापर्यंत पोचला. दगड नव्हता. काठी वाकली, रीळ कुरकुरत सुटलं. बाबा खुर्चीतून उठले. "लागला? मोठा आहे?"

"मोठा आहे बाबा. जाळी द्या. नको, तुम्हीच धरा, पाण्यात धरा, तो वर आला की खालून."

आयुष्यात माशाला न शिवलेल्या माणसाने लांब दांड्याची जाळी दोन्ही हातांनी पाण्यात घातली, गुडघा दगडावर टेकला, आणि पहिल्याच प्रयत्नात तो त्सांडर आत घेतला. अजून सांगते, इतका सुंदर मासा मी आधी पाहिला नव्हता. हाताएवढा लांब. मापाचा प्रश्नच नव्हता.

आणि त्याच्या कल्ल्यातून रक्त येत होतं. गळ खोल गेला होता. मी चिमट्याने काढला तेव्हा रक्ताची धार माझ्या मनगटावरून बाहीत गेली. असा मासा जगत नाही. परीक्षेत हे लिहून पास झाले होते, आणि त्याआधी वडिलांच्या शेजारी बसून पाहिलं होतं. त्याचं एकच करायचं असतं, आणि लगेच करायचं असतं. लाकडी दांडका माझ्या पिशवीत, दोन फुटांवर.

बाबा बघत होते. धाप लागली होती, डोळे चमकत होते. "सोड, सोड लवकर," म्हणाले. "जीव घाबरला असेल त्याचा."

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मासा पाण्यात ठेवला.

तो क्षणभर तसाच उभा राहिला. शेपटी हलवली. बाबांनी हात जोडले. मग तो कलंडला. पोट वर आलं, पुन्हा सरळ झाला, पुन्हा कलंडला, आणि प्रवाहाबरोबर काठाकाठाने हळूहळू खाली जाऊ लागला, तोंड उघडत मिटत. मी जाळी लांबवली, पोचली नाही. बाबा काठाने त्याच्याबरोबर चालू लागले. "अगं, याला काय होतंय? अगं, बघ ना." फार वेळ चाललं ते. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि मी नुसती त्यांच्या मागून चालत होते.

पुढच्या बांधावर आजोबांनी आपल्या जाळीने तो उचलला. एका घावात संपवला, सुरी घातली, गवतावर ठेवला. मग माझ्याकडे वळले. चिडले होते. आवाज चढवला नाही, पण जे बोलले ते थांबून थांबून बोलले, मी परकी आहे म्हणून नव्हे, मला लागावं म्हणून.

बाबांनी विचारलं, "काय म्हणाले?"

पाणी गार आहे, असं म्हणता येण्यासारखं नव्हतं. आणि म्हणता आलं असतं तरी मी थकले होते.

"ते म्हणाले, हा जगणार नव्हता आणि ते तुला पाहताक्षणी कळलं होतं. मग उगाच का तडफडत ठेवलंस?"

"तुला कळलं होतं?"

"हो, बाबा."

"मग सोडलास कशाला?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून." मग एकदाचं सगळंच सांगितलं. की मी सोडून देत नाही, कधीच देत नव्हते, मारते आणि खाते, फोटोतलाही खाल्ला होता. बोलताना रडायला आलं, ते माशासाठी नव्हतं.

ते रागावतील असं वाटलं होतं. ते आजोबांकडे गेले, त्यांना नमस्कार केला, गवतावरच्या त्सांडरकडे वाकून बघितलं. परत येऊन खुर्चीवर बसले. थर्मासमधून दोन कप चहा ओतला, एक मला दिला. एक मालवाहू बोट गेली. तिच्या लाटा काठावर येऊन विरेपर्यंत त्यांनी पाण्यावरच नजर ठेवली.

"मासे खातेस ते खा. तुझ्या माहेरचं अन्न आहे, मी कोण बोलणार," असं म्हणाले. मग कप हातात तसाच धरून, माझ्याकडे न बघता, "मला दुसरंच विचारायचंय. हिच्या वेळी तुम्हाला आधी कळलं होतं का?"

मी कप दगडावर ठेवला. 

"हो."

"कधी?"

"सोमवारी."

सासूबाई गुरुवारी गेल्या होत्या. त्यांनी अंगठ्याने बोटांची पेरं मोजली, सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि तिथे अंगठा थांबला.

"बुधवारी मला म्हणाली होती, आज जाऊ नका, बसा ना जरा," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, अगं, आता घरीच यायचीस की, मग बसूच. आणि ती घरी येणार म्हणून मी केस कापून घ्यायला गेलो."