आधी काट्यावर उभे राहा

डॉ. माधवराव गंधे यांची आणि माझी पहिली भेट कोल्हारच्या त्यांच्या दवाखान्यात झाली. मी नुकताच डॉक्टर झालो होतो आणि त्यांच्या हाताखाली काम शिकावे म्हणून देवळाली प्रवऱ्याहून गेलो होतो. प्रमाणपत्रांची गुंडाळी पुढे केली, तर ती त्यांनी न उघडताच टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवले. काटाही धान्याची पोती तोलण्याचा, कुणा आडत्याकडून आणलेला. "आधी काट्यावर उभे राहा." मी निमूट उभा राहिलो. मग त्यांनी माझा रक्तदाब घेतला आणि लघवीसाठी बाटली हातात दिली. मी म्हणालो, "सर, मी कामासाठी आलोय. आजारी नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "आजारी नाही हे कोणी ठरवलं?" कामाचे बोलणे त्यानंतर झाले.

गंधेसाहेबांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. स्तुती त्यांना औषधापेक्षा कडू लागते. म्हणून मी फक्त घडलेले सांगतो.

आपल्या भागात अंगाने भरलेला माणूस खात्यापित्या घरचा समजला जातो. त्यालाच मधुमेह होतो आणि पुढे लकवाही त्यालाच मारतो, अशी लोकांची पक्की समजूत. यातले अर्धे साहेबांना मान्य होते. वाढलेल्या वजनाचा मधुमेही आला, की ते त्याला जेवणावरून आणि चालण्यावरून चांगले फैलावर घेत. त्यांचे भांडण उरलेल्या अर्ध्याशी होते. रोडका मधुमेही स्वतःला सुटलेला समजतो आणि घरचेही त्याला तसेच समजतात. "जाडी रस्त्यावरून दिसते, रक्तदाब दिसत नाही," असे ते म्हणत. म्हणून मधुमेही जाड असो की काटकुळा, दर खेपेला त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचाच, हा दवाखान्याचा नियम. रोगी कुरकुरत, "पाय दुखतोय अन् डाक्टर दंड आवळत्यात!" साहेब ऐकून घेत आणि पट्टा आवळत.

भाऊसाहेब आणि एकनाथराव हे दोघे भाऊ नदीकाठचे ऊसवाले. थोरले भाऊसाहेब चांगले वजनदार आणि मधुमेही. घरात त्यांच्यावर जागता पहारा. चहा बिनसाखरेचा, आणि सणाला त्यांच्या वाटची पुरणपोळी वहिनी धाकट्या दिरांच्या पानात वाढत. "यांच्या अंगाला तरी लागू द्या," असे म्हणून. ती काही लागली नाही. परवाच्या दुष्काळात एकनाथराव वाळत चालले; पण त्या साली सगळेच वाळले होते, मग नवल कुणाला वाटणार? ते दर खेपेला भावाच्या सोबतीला येत आणि बाकावर बसत. एकदा साहेबांनी त्यांनाच काट्यावर बोलावले.

"मला कशापायी, साहेब? लकव्याला धराया अंगावर मांस तर पायजे!"

सगळा दवाखाना हसला. साहेब हसले नाहीत. लघवीचे थेंब टाकून तापवताच परीक्षानळीतली निळाई विटेच्या रंगावर गेली, म्हणजे साखर भरपूर. रक्तदाब इतका आला, की साहेबांनी दुसऱ्या दंडालाही पट्टा बांधून पाहिला.

एकनाथरावांनी औषधे मनाला वाटले तोवर घेतली आणि पाऊसपाणी सुरू होताच सोडली. ते येईनात, तेव्हा साहेब बाजारच्या दिवशी सायकलवरून त्यांच्या शेतावर जाऊ लागले. एकनाथराव हातातले खुरपे ठेवत नसत. "मी ठणठणीत हाय!" असे ओरडत, आणि साहेब बांधावर बसून वाट पाहत. घरच्यांनाही त्यांनी बजावून ठेवले होते, की तोंड वाकडे झाले, जीभ अडखळली किंवा हात लुळा पडला, तर तेल चोळत बसू नका, लगेच मला गाठा.

त्या थंडीत एका सकाळी एकनाथरावांच्या उजव्या हातातली बशी निसटली आणि तोंडातून शब्द नीट फुटेना. वहिनींनी तेलाच्या बाटलीकडे पाहिलेसुद्धा नाही. ट्रॅक्टर काढायला लावला. साहेब स्वतः त्यांना घेऊन नगरला गेले. एकनाथराव वाचले. उजवा हात मात्र अधू झाला तो झालाच. परतल्यावर साहेब खुर्चीत बसून रडले. "मीच कमी पडलो रे," म्हणाले. मला त्या वेळी त्यांच्याविषयी जी माया वाटली, ती आजवर बोलून दाखवली नव्हती.

पुढे ते संध्याकाळी एकनाथरावांच्या घरी पत्ते खेळायला जाऊ लागले. पत्ते एकनाथरावांनी वाटायचे आणि उजव्या हातानेच वाटायचे, ही अट. एक डाव वाटायला चहा होऊन जाई.

साठीच्या सत्काराला साहेबांची गूळतुला करायचे सत्कार समितीने ठरवले, तेव्हा साहेब कडाडले. "मधुमेहाच्या डॉक्टरची गुळाने तुला? त्यापेक्षा परीक्षानळीने ओवाळा मला!" अखेर ज्वारीवर तडजोड झाली. ती वसतिगृहाच्या मुलांना द्यायची ठरली. किती लागेल हे पाहावे, म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही साहेबांना त्यांच्याच काट्यावर उभे केले. भाऊसाहेब म्हणाले, "अवो, आमी दोन पोती भरून ठिवलीत, तुमाला तर एक बी लई हुतंय!" आम्ही सगळे हसलो.

बाकावरचे एकनाथराव हसले नाहीत. ते आता सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलतात.

"साहेब, तुमी बी... वाळलेच की. पट्टा कवा बांधलाय?"

"मला काय धाड भरलीय? मी आजारी नाही."

"आजारी न्हाई... हे कुनी ठरिवलं?"

साहेबांनी आमच्याकडे पाहिले, मग खाली बसून मुकाट्याने बाही वर केली. मी पट्टा बांधला, पारा पाहिला. मग दुसऱ्या दंडालाही बांधला.

औषध त्याच दिवशी सुरू केले. साहेब, आम्हा सर्वांना तुम्ही शंभर वर्षे हवे आहात, धडधाकट हवे आहात. आणि ही नुसती इच्छा नाही, दवाखान्याचा नियम आहे. दर बाजारच्या दिवशी यायचे. तुमच्याआधी एकनाथराव बाकावर येऊन बसलेले असतील.