माणसांचे कागद जमवणारी मावशी

शिरूर कासार तालुक्यात कोणाला सरकारकडून काय मिळू शकतं हे सरकारला अंदाजे ठाऊक आहे. नक्की ठाऊक आहे ते माझ्या मावशीला. हे मी भाचा म्हणून कौतुकानं सांगतोय असं कोणी समजू नये. भाचा म्हणून बोलायचं झालं तर माझा सूर वेगळा लागला असता, कारण बीडला माझं घर सरकारी दवाखान्यापासून चालत सात मिनिटांवर आहे आणि ही सात मिनिटं मावशीनं माझ्या संसारात फार वापरली आहेत. दर बुधवारी सकाळी लिंगपूजा आटोपून ती शिरूरहून पहिल्या एस.टी.त बसते. मी दार उघडतो तेव्हा तिच्या मागं कधी दोन, कधी पाच अनोळखी माणसं उभी असतात. कोणाचा पाय प्लास्टरात, कोणाच्या डोळ्याला हिरवी पट्टी, एखादी बाई नुसतीच भेदरलेली. "बापू, ह्येंना जरा हातपाय धुवायला पानी दाखव," असं म्हणून मावशी सरळ स्वयंपाकघरात जाते आणि माझ्या बायकोला विचारते, "पोहे हायेत का? नसले तर उपमा कर. ह्या आजीला दात न्हाईत." आमच्याकडं बुधवारी शाळेच्या डब्याला काय करायचं हे त्या दिवशीच्या रुग्णांच्या दातांवर ठरतं.

तिचं शिरूरच्या बसस्टँडसमोर किराणा दुकान आहे. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं दोन्ही पुण्याला. आता दुकान बंद कर आणि आराम कर असं मुलांनी फार सांगितलं, तेव्हा मावशीनं दुकान चालू ठेवून दुकानदारी तेवढी कमी केली. गिऱ्हाईक साखर मागायला आलं की ती आधी त्याच्याकडं नीट पाहते, मग साखरेकडं. कोणाच्या घरी काय चाललंय ते तिला सामानावरून कळतं. बाटली घेऊन तेलाला येणारी बाई पुडी मागायला लागली, किंवा एखादा म्हातारा एकट्यापुरता चहा न्यायला लागला, की मावशी तराजू खाली ठेवते. "कावून रं बाबा, म्हातारी कुठाय?" म्हातारी गेली असेल तर ती पदर डोळ्याला लावते, मनापासून रडते, आणि डोळे पुसता पुसताच विचारते, "मयताची नोंद केली का? एकवीस दिसाच्या आत कर. नंतर लई हेलपाटे पडतात." सांत्वनाला गेली तरी तिथंही हेच. पहिल्यांदा लोकांना राग येतो. एकदा नेकनूरला एका घरी तिला उठून जा म्हणाले होते. ती उठली, पायरीवर जाऊन बसली आणि दुपारी त्याच घरातली सून तिच्या शेजारी येऊन निराधाराच्या पगाराचा फॉर्म भरून घेत होती.

मावशीचं शिक्षण चौथी. पण तिच्याइतकं वाचन मी शाळेत शिकवत असूनही माझं नाही. दुकानात पुड्या बांधायला रद्दी येते, तिचा प्रत्येक कागद मावशी वाचल्याशिवाय फाडत नाही. बडीशेप मागणारा माणूस वाट पाहत उभा राहतो आणि मावशी जाहीर निवेदनं वाचते. या वाचनात एकच उणीव आहे, ती म्हणजे रद्दी जुनी असते. एकदा तिनं अकरा बायका जमवून शिलाई मशीन मिळवायला बीडच्या एका ऑफिसात नेल्या. तिथल्या साहेबांनी जाहिरात उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "आजी, ह्याची मुदत संपून दोन वर्षं झाली." मावशी जराही खजील झाली नाही. "बरं मग," ती म्हणाली, "आता कशाची चालू हाय? आलोच हाओत तर सांगा." अकरा जणी मशीन आणायला गेल्या होत्या आणि सहा जणी शेळीपालनाचे अर्ज भरून परत आल्या. उरलेल्या पाच जणींकडं फोटो नव्हते.

फोटो हा मावशीच्या मते माणसाच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न आहे. बाकी सगळं पुढं मिळतं, फोटोवाचून अडतं. तिच्या वायरच्या पिशवीत अर्ध्या तालुक्याचे पासपोर्ट फोटो असतात, एकेका पाकिटात, मागं नाव लिहिलेले. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात तिनं फोटोग्राफरला मांडवाच्या मागं नेलं, पांढरी चादर बांधायला लावली आणि वऱ्हाडात आलेल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्यांना एकेक करून तिच्यासमोर बसवलं. मुहूर्ताला फोटोग्राफर सापडेना. आजही त्या अल्बमची पहिली चार पानं उघडली की चादरीसमोर ताठ बसलेले, कान दिसत असलेले वृद्ध दिसतात. नवरा-नवरी पाचव्या पानावर येतात.

कचेरीत ती कधी भांडत नाही. आवाज चढवणाऱ्या माणसाला बाहेर काढता येतं, असं तिचं म्हणणं. ती बसते. बरोबर सूप आणि ज्वारी नेते, व्हरांड्यात साहेबांच्या दारासमोर बैठक मारते आणि शांतपणे निवडायला लागते. कोणी हटकलं तर म्हणते, "तुमचं चालू द्या सायेब. मला काय घाई न्हाई. ज्वारी लई हाय." पाखडायला सुरुवात केली की साधारण अर्ध्या तासात कागद पुढं सरकतो.

अशी ही मावशी. सव्वा वर्षामागं तिच्याकडं सारिका आली, ती अशी. दसरा झाला की तिकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. सारिकाचे आईबापही गेले होते आणि नऊ वर्षांची पोर गावात आजीजवळ राहिली होती. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मावशीनं आजीचं ऑपरेशन फुकट करून आणलं. पण महिनाभर चुलीपाशी जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग आजीला तिच्या बहिणीकडं ठेवलं आणि पोरगी मावशीच्या घरी आली. आजीनं सोडतानाच सांगून टाकलं, "मुकी हाय बाई. डोस्क्यानं बी कमीच हाय. एका जागी बसवलं की बसती."

चौथ्या दिवशी मावशीच्या हातून तराजूचं पितळी पारडं फरशीवर पडलं. मांजर उडालं, दारातला म्हातारा दचकला. सारिका पाठ करून शेंगदाणे निवडत होती, ती निवडतच राहिली. मावशीनं पारडं उचललं आणि पुन्हा पाडलं. मग तिसऱ्यांदा पाडलं, तेव्हा समोरचा चहावाला काय झालं म्हणून धावत आला. मावशीनं लगेच मला फोन लावला. "बापू, पोरगी डोस्क्यानं कमी न्हाई. तिला ऐकू येत न्हाई. चार दिसांत दुकानातले समदे डबे तिला पाठ झालेत. मला अजून वेलदोडे घावत न्हाईत. बुधवारी येते."

बुधवारी आली. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मावशीचं खरं ठरलं. दोन्ही कान जन्मापासून जवळजवळ बंद. जिल्ह्यात मूकबधिर मुलांची निवासी शाळा आहे, हातांनी बोलायला शिकवतात, पण आधीच उशीर झालाय, येत्या जूनला गेली पाहिजे, असं ते म्हणाले. शाळेला अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं होतं. प्रमाणपत्राला आधार कार्ड आणि आधार कार्डाला जन्माचा दाखला. आणि सारिकाच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती. ती उसाच्या फडावर, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोपीत जन्मली होती.

मावशीनं बापाला फोन लावला. "पोरगी कुठं झाली रं?" बाप म्हणाला, "ऊस व्हता मावशी." मावशी म्हणाली, "ऊस तर समद्या मुलखात हाय. गाव सांग." त्याला दोन कारखाने आठवले, गाव आठवेना. तेव्हा मावशीनं त्याच्या बायकोला फोन द्यायला लावला. तिला गावाचं नाव आठवलं, कोपीसमोरचा कालवा आठवला, आणि तिसऱ्या दिवशी एक अंगणवाडीची बाई भांड्यातून गरम शिरा घेऊन आली होती हेही आठवलं. "मला तवर कुनी काय इच्यारलं नव्हतं," ती म्हणाली.

ते गाव दोन जिल्हे ओलांडून, भीमेच्या काठी. मावशीनं मला रजा टाकायला लावली. मी, मावशी आणि सारिका असे तिघं तीन एस.टी. बदलून तिथं पोचलो. वाटेत मावशी अखंड बोलत होती. सारिकाशी. ही तिची अलीकडची सवय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिला ऐकू येत नाही हे स्वतः शोधून काढलेली बाई तिला खिडकीतून दिसणारी पिकं, स्वतःच्या सासूचा स्वभाव आणि निराधार योजनेचे नियम सांगत होती, आणि पोरगी तिच्या तोंडाकडं डोळे लावून पाहत होती. मी म्हणालो, "मावशी, तिला कळत नाही." मावशी म्हणाली, "तुला तरी कुठं कळतंय? पन ती बघती तरी. तू मोबाईल बघतोस."

ग्रामपंचायतीत सांगण्यात आलं की जन्माची उशिरा नोंद करायची तर आधी जन्माची नोंद नाही असा दाखला लागतो. हा दाखला लगेच मिळाला. पुढच्या कामाला मात्र मूल इथंच जन्मलं याचा काहीतरी पुरावा हवा होता. मावशीनं ज्वारी आणली नव्हती, म्हणून नाइलाजानं ती उठली आणि अंगणवाडी विचारत निघाली.

अंगणवाडीच्या बाई त्याच होत्या, चार वर्षांत निवृत्त होणाऱ्या. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली, जुनी रजिस्टरं काढली, धूळ झटकली. पाऊण तास त्या पानं उलटत होत्या. मग त्यांचं बोट थांबलं. मी वाकून वाचलं. 'ऊसतोड टोळी, बीड. मुलगी. वजन दोन किलो. लस दिली. नाव – अद्याप ठेवलेले नाही.' शेजारी तारीख आणि सही.

बाईंनी चष्मा काढला. "लई बारकी होती हो," त्या म्हणाल्या. "टोळी निघून गेली, मग काही कळलंच नाही. जगली का ती?"

सारिका बाहेर हातपंपाशी उभी राहून पाण्याची धार पाहत होती. मावशीनं नुसता हात केला. बाईंनी "ए बाळा" म्हणून दोनदा हाक मारली. ती वळली नाही, तेव्हा मावशी जाऊन तिला हाताला धरून घेऊन आली आणि बाईंच्या पुढं उभी केली. बाईंनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मग डोळे टिपले आणि रजिस्टरच्या पानाची नक्कल स्वतःच्या हातानं लिहून दिली.

पुढं तहसीलचा आदेश, दाखला, आधार, प्रमाणपत्र, यांत आणखी पाच महिने गेले. आजीचे डोळे केव्हाच बरे झाले होते, पण कागद चालू आहेत या सबबीवर पोरगी मावशीकडंच राहिली. त्या उन्हाळ्यात दुकानात गेलो की सारिका सामान काढून देत असे आणि मावशी तिला सांगत बसलेली असे. गिऱ्हाइकाला काय हवं ते ती बोटांनी दाखवायला लावायची. लोकांना हळूहळू सवय झाली. काही जण सारिका समोर नसतानाही साखर बोटांनी मागू लागले.

जूनमध्ये आईबाप, आजी, मावशी आणि मी, सगळेच शाळेत सोडायला गेलो. आई रडली, आजी रडली. मावशी कार्यालयात उभी राहून वसतिगृहाच्या जेवणाचा तक्ता वाचत होती. आठवड्यातून दोनदा केळं आहे याची तिनं खात्री करून घेतली. सारिका आत गेली, तिथल्या मुलींचे भराभर हलणारे हात तिनं पाहिले आणि तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. "चांगलं झालं," मावशी म्हणाली. "रुळंल." परतीच्या एस.टी.त शिरूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. पिकं, सासू, नियम, कशाबद्दलच काही बोलली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सारिका घरी आली आणि दोन दिवस मावशीकडं राहिली. आता बोलायची पाळी तिची होती. तिचे हात थांबत नव्हते. ती काहीतरी लांबलचक सांगत होती, मध्येच हसत होती, पुन्हा सांगत होती. मावशी तिच्या हातांकडं डोळे लावून बसली होती आणि तिला एक अक्षर कळत नव्हतं.

त्यानंतर मावशीनं शाळेत चौकशी केली. पालकांसाठी दर रविवारी हातांच्या भाषेचा वर्ग असतो, असं कळलं. फॉर्म भरायला मीच तिच्याबरोबर गेलो होतो. नाव, गाव, वय तिनं झरझर लिहिलं आणि 'पाल्याशी नाते' या रकान्यापाशी थांबली. मी म्हणालो, "आजी लिही की."

"आजी हाय तिला. जिती हाय. सरकारी कागदावर खोटं कशाला?"

"मग मावशी लिही."

"मावशी तुझी." तिनं बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग रकान्यात लिहिलं, 'वळखीची'. कारकुनानं वाचलं, मावशीकडं पाहिलं आणि शिक्का मारला.

आता दर रविवारी ती तिकडं जाते. वर्गात बाकीच्या सगळ्या तरण्या आया आहेत आणि मावशीची बोटं संधिवातानं वाकलेली. शिकवणाऱ्या बाई म्हणतात की ती हातांनीसुद्धा शिरूरकडच्या हेलात बोलते. बुधवारच्या फेऱ्या चालूच आहेत, परवाही तीन माणसं आणली होती.

गेल्या आठवड्यात मी शिरूरला गेलो होतो. दुपारची वेळ, स्टँड सामसूम, दुकानात कोणी नव्हतं. मावशी गल्ल्यामागं बसून सारिका बसायची त्या रिकाम्या पाटाकडं बघत सावकाश हात हलवत होती. एकदा केलं, चुकलं असावं, पुन्हा केलं. मी दारातच थांबलो.

"हे काय म्हणतेस?" मी विचारलं.

"जेवलीस का, म्हनतेय."

"आणि ती काय म्हणाली?"

मावशीनं हात मांडीवर ठेवले. "ते पुढच्या आइतवारी शिकवनार हायेत," ती म्हणाली.