धुतलेली सुरी

मी आठवीपर्यंत शिकलेली, यवतमाळकडून लग्न होऊन पुण्यात आलेली. बिबवेवाडीत एका आजोबांकडे पोळ्या-भांडी करते. हे लिहितानाही भीती वाटते, कोणी वही ओढून घेईल आणि हसेल.

त्यांच्या सोसायटीजवळच्या वाचनालयात बायकांची कथास्पर्धा होती, शनिवारपर्यंत कथा द्यायची होती. मी खुनाची लिहिली, नवऱ्यालापण न सांगता, पोरगी दुपारी झोपली की थोडी थोडी. आणि गुरुवारी वही आजोबांच्या ओट्यावरच विसरले. आजोबा म्हणजे जन्मभर कोर्टात कारकून. शुक्रवारी गेले तर वही त्यांच्यापुढं आणि हातात लाल पेन.

"बसा," ते म्हणाले. मी बसले नाही. पोरगी कडेवर, तिनं त्यांच्या चष्म्याची दोरी धरलेली.

"तुमचा खुनी सुटला."

"नाही हो आजोबा, चौकीत कबूल केलंय त्यानं. रडतो पण. शेवटच्या पानावर आहे."

"पोलिसांपुढं कबूल केलेलं कोर्टात धरत नाहीत. दोन फटके दिले की कोणीही काहीही कबूल करतं."

ते मला लगेच पटलं. मी तर फटक्यांच्या आधीच करीन.

"आणि ही शेजारीण. हिला रक्ताची सुरी सापडते, आणि ती पोलिसांना देते कशी, तर घासून, पुसून?"

"मग काय खरकटी देणार?"

आजोबांनी चष्मा काढला, पोरीच्या हातातून दोरी सोडवली आणि म्हणाले, "बाई, होता तो एकच पुरावा, तोही आपण विम लावून घासलात."

मला रडूच आलं. म्हटलं जाऊ दे, नाही देत कथा, आपलं काम नाही ते. मोरीत जाऊन भांडी घासायला लागले. त्यांची लाकडी मुठीची सुरी हातात आली, रोजच्यासारखी तारेनं मुठीपाशी खरवडली, आणि तशीच ओल्या हातानं बाहेर आले.

"आजोबा, हे बघा, पातं मुठीत जातं ना, त्या फटीत राहतंच हो. कितीही घासा. मी रोज घासते, मला माहीत आहे."

त्यांनी चष्मा लावून फट बघितली. मग म्हणाले, "लिहा. पोलिसांनी दोन पंचांसमोर सुरी जप्त केली, सील केली, तपासायला पाठवली. मूठ उघडली, आत रक्त सापडलं. पण शेजारणीनं कोर्टात सांगायचं, मी धुतली म्हणून."

"ती घाबरते हो."

"घाबरू दे. लपवलं तर समोरचा वकील तिला उभी सोलेल. खरं सांगितलं तर काय करेल?"

त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. पोरगी त्यांच्या मांडीवर, लाल पेनानं त्यांचा पेपर रंगवत. पोळ्या उशिरा झाल्या. शेजारीण कोर्टात म्हणते, "धुतली मीच. घाण वस्तू मी कोणाच्या हातात देत नाही." ते वाचून म्हणाले, "हं. ही टिकेल." यापेक्षा जास्त कौतुक मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं नाही.

शनिवारी वाचनालयात वही दिली. टेबलामागच्या बाईंनी पानं चाळली, माझ्याकडं, पोरीकडं बघितलं.

"कोणी लिहिलीय?"

शेजारीण आठवली.

"मी," म्हटलं. "लिहिली मीच."