जावा बेटावरचा जबडा

माझ्या नवऱ्याचे पुढचे दात गावानं दगडानं पाडले, तेव्हा आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यातली दोन तर हे लढाईवरच होते.

आमचं घर दौलताबादच्या किल्ल्याखाली. राज्य निजामाचं, पण हे औरंगाबादच्या छावणीतून इंग्रजांच्या फौजेत ट्रक चालवायला भरती झाले. जपान हरल्यावर त्यांच्या पलटणीला जावा बेटावर धाडलं. तिथं रस्त्यासाठी चुनखडीचे दगड भरताना एका कपारीत त्यांना माणसाचा खालचा जबडा सापडला. राखाडी, जड, दात जागच्या जागी.

जपान्यांच्या कैदेतून सुटलेला एक म्हातारा डच मास्तर तिथं राहत होता. त्यानं जबडा उजेडात धरून उलटसुलट पाहिला. म्हणाला, हा तुझ्यामाझ्यासारखाच माणूस, पण हजारो वर्षांपूर्वीचा. हाडाचा दगड झालाय. या बेटावर अशी कवटी पूर्वीही सापडलीय. उद्या वही घेऊन येतो, जागा दाखव.

दुसऱ्या दिवशी डचांचं राज्य परत नको म्हणून उठलेल्या जावाच्या पोरांनी चौकात गोळीबार केला. मास्तर वहीसकट रस्त्यात पडला, गोळी गळ्यातून आरपार. त्याला ओढायला धावलेले दोघंही तिथंच मेले. हे ट्रकखाली पालथे पडून बघत होते.

तो जबडा ह्यांनी पत्र्याच्या पेटीतून घरी आणला. पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी विचारलं, "एवढ्या दूर बेटावर ह्यो माणूस गेला कसा? होडीनं?"

"चालत. तवा समुद्र लई खाली होता म्हणं. मधी जमीनच होती."

मला हसू आलं. ह्यांना नाही आलं. औरंगाबादच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या प्रोफेसरांना तो द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. एकदा जाऊनही आले, पण कॉलेजला सुट्टी होती.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत हगवणीनं दोन तान्ही लेकरं गेली. दुसऱ्याच दिवशी माझ्या जाऊबाईंनी सुईदोरा शोधायला पेटी उघडली आणि बोंब ठोकली, "मढ्याचं जबडं! भावजी भानामती करत्यात!"

भानामती म्हणजे आमच्याकडची करणी. करणाऱ्याचे दात पाडले की त्याचा मंत्र चालत नाही, असं लोक मानायचे.

भरदुपारी माणसं घरात घुसली. ह्यांना केस धरून ओढत नेलं आणि बैलाच्या कासऱ्यानं लिंबाला बांधलं. हे ओरडत होते, "अरं, ते हाड नाय, दगड हाय! सायबाला दाखवायचाय!" कुणीतरी तोंडावर चप्पल मारली. न्हाव्याला चिमटा घेऊन बोलावलं होतं.

न्हावी म्हणाला, "माझ्याच्यानं व्हनार नाय. ह्यो माणूस लेकरं मारणारा नव्हं."

त्याच्या पोटात लाथ बसली, तो खाली बसला. मग मेलेल्या एका लेकराच्या बापानं मुठीएवढा दगड उचलला. पहिल्या घावाला ओठ फाटला. दुसऱ्याला दातांचा आवाज आला. तो आवाज मी ऐकलाय. पुढचे घाव मी मोजले नाहीत. त्या बापाचे डोळे रडून सुजले होते, आणि मारतानाही तो रडतच होता.

मी पुढं धावले तर त्या लेकराच्या आईनं माझी वेणी धरून मला पाडलं. "माझं लेकरू खाल्लं तुमी!" ती माझ्या छातीवर बसली. माझ्या हाताला धोंडा लागला. मी मारला. एकदा नाही, दोनदा. ती डोळा दाबून बाजूला कोसळली, बोटांमधून रक्त आलं, आणि मला त्या क्षणी बरं वाटलं.

लोहाराच्या घणानं जबड्याचा चुरा केला आणि तो उकिरड्यावर फेकला.

न्हाव्यानंच टांगा आणला. औरंगाबादच्या दवाखान्यात ह्यांचा ओठ शिवला. महिनाभर मी भाकरी दुधात कालवून चमच्यानं भरवत होते.

जरा बरं वाटल्यावर हे प्रोफेसरांकडं गेले. मीही बरोबर होते. उकिरड्यावरून वेचलेले खडे ह्यांनी रुमालातून त्यांच्या टेबलावर ठेवले. प्रोफेसरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग कळवळून म्हणाले, "एखादा दात तरी राहिलाय का हो?"

ह्यांना वाटलं, आपलीच चौकशी करतायत. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. प्रोफेसर खुर्चीतून उठले आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

पोलिसांचे अमीनसाहेब गावात चौकशीला आले, तेव्हा सगळ्यांनी काही पाहिलं नाही म्हणून सांगितलं. एकट्या न्हाव्यानं खरं सांगितलं. त्या बापाला सहा महिन्यांची कैद झाली आणि न्हाव्याचं गावातलं काम बंद झालं. आम्ही लासूर स्टेशनला राहायला गेलो, पुढं तोही आला. आडतीत हे पोती उतरवून घेत आणि संध्याकाळी त्याच्या दुकानात बसत. शब्द नीट फुटत नसत म्हणून हे अनोळखी माणसापुढं गप्पच राहायचे.

मी धोंडा मारला त्या लेकराच्या आईचा डोळा गेला. अमीनसाहेबांनी मला विचारलं होतं, "बाई, इसको तुमने मारा?"

मी म्हणाले, "नाय साहेब. गर्दीतून दगड आला."

ती समोरच बसली होती, डोळ्याला फडकं बांधून. तिनं एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि व्हय की नाय, काहीच बोलली नाही.