हुद्द्याचा रकाना

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आमच्या गावच्या शाळेतल्या शिंदे बाईंचं. २००८ च्या मंदीत दुबईतली नोकरी गेली, ते त्यांना कळवायचा धीर होत नव्हता.

ऑफिसच्या गेटवरचा वॉचमन इथिओपियाचा होता, त्याची भाषा वोलायता. हिंदी बोलताना तो 'है' गाळायचा. "आमच्याकडे लागत नाही," हसून सांगायचा, "'नाही' म्हणायलाच शब्द लागतो."

सामान न्यायला गेलो तेव्हा पाहुण्यांच्या रजिस्टरात हुद्द्याचा रकाना मी कोरा सोडला. त्याने तिथे 'इंजिनीअर' लिहिलं.

"अब नहीं," मी म्हणालो.

"हबीबी, नौकरी खलास. तुम इंजिनीअर."

ही दया होती की नुसती सवय, मला अजून कळलेलं नाही. त्याच दिवशी मी पत्र टाकलं: "बाई, नोकरी गेली. मी तुमचाच विद्यार्थी."